उठलेली पंगत, पेटती भट्टी

कला शाखेच्या मुलीने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि फीसाठी संध्याकाळी तालुक्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसते. टायपिंग करता करता तिथे ही दुसरीच विद्या पदरात पडली.

दुकानाच्या दादांनी शाळांसाठी एक वेबसाइट केली आहे. शाळेतल्या बाई मुलाचे नाव, इयत्ता भरून बटण दाबतात आणि दाखल्याची पीडीएफ हाती येते. वरून एवढेच दिसते. आत मात्र विनंती घेणारा प्रोग्राम पीडीएफ स्वतः करीत नाही. त्या कामापुरता दुसरा प्रोग्राम सुरू करतो. युनिक्सच्या भाषेत पहिला पालक, दुसरा अपत्य. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून बेल लॅब्जमध्ये उभ्या केलेल्या त्या व्यवस्थेतले हे नातेगोते आजच्या लिनक्सपर्यंत चालत आले आहे.

कधी एखाद्या फाँटवर नाहीतर वेड्यावाकड्या फोटोवर अपत्य अडून बसते. बाई कंटाळून पान बंद करतात. ते पालकाला लगेच कळतही नाही. गनिकॉर्न नावाचा जो सर्व्हर दादा वापरतात, तो नेमून दिल्याप्रमाणे 30 सेकंद वाट पाहतो आणि न बोलणाऱ्या पालकालाच संपवतो. विनंती संपली. पण अपत्याला कोणी काही सांगितलेलेच नसते! ते पोरके होते, सहसा 1 क्रमांकाच्या प्रोसेसच्या पदरी पडते, आणि मेमरी अडवून तसेच बसून राहते.

माझी आई लग्नाच्या कार्यालयात भांडी घासायला जाते. पाहुणे उठले, वाढपी गेले, मांडववाल्याने दिवे काढले, म्हणजे लग्न आटोपले असे सगळ्यांना वाटते. मागे पाण्याची भट्टी पेटलेलीच असते. ती विझवायला जो थांबतो, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत मी एका संध्याकाळी अशा पेटत्या भट्ट्या मोजल्या, त्या 23 निघाल्या. सर्व्हर जागचा हलेना.

दादांचा उपाय सोपा होता: रात्री दहाला सगळे बंद करून पुन्हा चालू करायचे. पण दहाला कोणीतरी अर्ज भरीत असतेच. दिवसभर मजुरी करून मुलाच्या कागदांना बसणारा माणूस त्याच वेळी बसतो. त्याचे अर्धे काम पुसले जायचे आणि त्याला वाटायचे, आपल्यालाच येत नाही. हे मला मुळीच पटेना, कारण आमच्या घरातही सगळ्यांना असेच वाटते.

मग वाचत बसले. अपत्याला नुसते मारून भागत नाही. त्याने आपल्या खाली आणखी एक सुरू केलेले असते, ते उरतेच. म्हणून सुरू करतानाच त्या सगळ्यांचा वेगळा गट करायचा. पायथॉनमध्ये त्याची सोय 2011 पासून आहे. वेळ संपली की साऱ्या गटाला आधी 15 क्रमांकाचा संकेत, म्हणजे ‘आवरा आता’. चार-पाच सेकंदांनीही न आवरल्यास 9 क्रमांकाचा, जो कोणाला नाकारता येत नाही. एवढ्यावरही संपत नाही. मेलेल्या अपत्याची पालकाने विचारपूस केली नाही, तर यादीत त्याचे नाव राहते. त्याला झाँबी म्हणतात. तो मेमरी जवळजवळ खात नाही, पण क्रमांक अडवतो. (कौटुंबिक कादंबरीत तरी याहून निराळे काय असते?)

खरी मेख वेळेत होती. 30 सेकंदांना पालकच जाणार असेल, तर आवरायचे कोणी? म्हणून अपत्याला 20 सेकंदच द्यायचे, म्हणजे पालक जिवंत असतानाच सगळे उरकते आणि बाईंना निदान ‘दाखला झाला नाही, पुन्हा करा’ असे उत्तर तरी जाते. दादा आधी हसले, “तुझा विषय मराठी ना?” पण त्यांनी ते लावून पाहिले. आठवड्याने मी मोजायला गेले, तेव्हा यादीत चालू कामाखेरीज एकही नव्हते. आता रात्री दहाला ते फक्त शटर ओढतात.