बारा कार्डें, एक साचा

संगणक म्हटला कीं मेजावरील पडदा व त्यापुढील कळफलक एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु दुकानांतील बिलें छापणारें यंत्र, घरांतील इंटरनेटची दिवे लुकलुकणारी पेटी आणि आजकालचे पुष्कळसे दूरचित्रवाणी संच ह्यांच्या पोटांतहि लहान लहान संगणक बसलेले असतात. आणि त्यांपैकीं कितीएकांचा कारभार 'लिनक्स' ही प्रणाली पाहते. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यानें 1991 सालीं ती प्रथम जगापुढें ठेविली व पुढें सर्वांस मोकळी करून दिली. मोकळी वस्तु हातीं आली म्हणजे ती उघडून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. आम्हां कांहीं शिक्षकांस व वरच्या वर्गांतील मुलांसहि तो आवरला नाहीं.

निमित्त मात्र परोपकाराचें होतें. मावळांतील डोंगरवस्तीवरच्या बारा लहान शाळांना एकेक 'पुस्तकपेटी' द्यावयाची असें ठरलें. रास्पबेरी पाय नांवाचा, केंब्रिज येथें जन्मलेला व 2012 सालापासून विक्रीस आलेला, तळहाताएवढा संगणक. त्यांत मराठी पुस्तकें, चित्रें व नकाशे भरलेले. आणि इंटरनेट नसलें तरी मुलांनीं तीं वाचावीं, अशी योजना. ह्या यंत्रास स्वतःची डिस्क नसते. बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळणारें नखाएवढें मेमरी कार्ड त्यांत बसविलें, कीं तेंच त्याचें सर्वस्व. कार्ड कोरें असेल, तर यंत्र म्हणजे दगड.

एक कार्ड हातानें तयार करणें फारसें अवघड नाहीं. बारा करणें म्हणजे मात्र पोथी बारा वेळां नकलून काढणें होय. नकलणारा कितीहि सावध असो, सातव्या प्रतींत एखादी ओळ गळतेच. येथें तर पोथी वाचणारा डोंगरापलीकडे, व ती दुरुस्त करणारें तेथें कोणी नाहीं. छापखाना आला तेव्हां खिळे एकदां जुळवून मुद्रित एकदां तपासलें, कीं पाहिजे तितक्या प्रती सारख्याच निघूं लागल्या. 'स्क्रिप्ट' म्हणजे असेच जुळविलेले खिळे: करावयाच्या आज्ञा एका फाईलींत क्रमानें लिहून ठेवावयाच्या, व यंत्रानें त्या वरपासून खालपर्यंत पाळावयाच्या.

आमची स्क्रिप्ट प्रथम चार गिगाबाइटांची एक कोरी फाईल निर्माण करते. हीच पुढें 'इमेज' होणार, म्हणजे कार्डाचा हुबेहूब साचा. मौज अशी कीं, ही फाईल खरीखुरी डिस्कच आहे असें लिनक्सला भासवितां येतें. 'लोसेटअप' नांवाची आज्ञा तें काम करते. मग ह्या भासमान डिस्कचे भाग पाडावयाचे. पहिला लहान व 'फॅट' पद्धतीचा. कारण जागा होतांना रास्पबेरी पाय सर्वांआधीं तोच उघडून पाहतो व त्यांतून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, उचलतो. दुसरा मोठा, 'एक्स्टफोर' पद्धतीचा; त्यांत बाकीचा संसार. 1993 सालीं इयन मर्डॉक ह्यांनीं आरंभिलेला 'डेबियन' हा लिनक्सचा संच आम्हीं पसंत केला. 'डिबूटस्ट्रॅप' ही आज्ञा त्याचें मूळ सामान आणून दुसऱ्या भागांत मांडते. आमच्या संगणकाचा प्रोसेसर एका जातीचा व पेटीचा दुसऱ्या. म्हणून पेटीचे प्रोग्रॅम येथें चालवावयास 'क्यूइम्यू' नांवाचा दुभाष्या मध्यें घ्यावा लागतो. तो फार सावकाश बोलतो. आम्ही तेवढ्यांत चहा घेऊन येतों.

शेवटीं, जें जें उघडलें तें उलट क्रमानें मिटावयाचें. स्क्रिप्ट मध्येंच अडखळली तरीहि ही आवराआवर व्हावी म्हणून 'ट्रॅप' ही आज्ञा आरंभींच लिहून ठेवावी लागते. नवशिके ती वगळतात; आमच्या मतें स्क्रिप्टची लायकी त्या चार ओळींवरूनच ठरते. आणखी असें कीं, एकाच सामानावरून दोनदां स्क्रिप्ट चालविली तरी दोन्ही इमेजी तंतोतंत सारख्या येत नाहींत. फाईलींवर वेळेचे शिक्के बसतात, भागांना यदृच्छेनें क्रमांक मिळतात. असलीं कारणें एकेक करून बांधून टाकलीं, कीं मग दोन्ही इमेजींचा चौसष्ट अक्षरी ठसा जुळतो. तो प्रथम जुळला त्या सायंकाळीं मुलांनीं वर्ग डोक्यावर घेतला.

डेबियनच्या मूळ सामानांत देवनागरी टंक नसतो, आणि टंकावांचून मराठी पुस्तकांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसतात. आम्हीं 'लोहित देवनागरी' घेतला. हा मूळचा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकनें घडविलेला. रेड हॅट कंपनीनें तो मोकळा केला, व 2011 पासून तो ओपन फॉन्ट लायसन्सखालीं उपलब्ध आहे. पुण्याचीं अक्षरें जग फिरून मावळांत चाललीं!

असा उद्योग महाराष्ट्रास अगदींच नवा नव्हे. 2007 सालीं रायगड जिल्ह्यांतील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ह्या संस्थेचे हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हातीं आले होते. एक गिगाबाइटाची फ्लॅश व 256 मेगाबाइटांची कार्यस्मृति, एवढ्यांत त्यांचा सर्व प्रपंच. त्यांच्या इमेजींसाठीं पुढें 'ओएलपीसी-ओएस-बिल्डर' नांवाचें स्वतंत्र साधन झालें. त्या मानानें आमचे चार गिगाबाइट म्हणजे चैनच.

खरा पेंच निराळाच पडला. पावसाळ्यांत डोंगरांतील वीज सांगून जात नाहीं, आणि कार्डावर लिहिणें चालू असतां ती गेली तर कार्ड बिघडूं शकतें. ह्यावरील उपाय प्रसिद्ध आहे: कार्ड केवळ वाचण्यापुरतें खुलें ठेवावें, व जें लिहिलें जाईल तें तात्पुरत्या स्मृतींत राहावें. वीज गेली कीं सर्व पुसलें जाऊन पेटी पुन्हां पहिल्यासारखी. आमच्यांतील बहुतेकांस हेंच पसंत होतें. परंतु एका शाळेच्या बाईंनीं निरोप पाठविला, "मुलें पेटींत गोष्टी लिहितील, त्या सकाळीं सांपडल्या पाहिजेत." ह्यावर दोन रविवार वाद झाला. एक पक्ष म्हणे, पेटी बंद पडली तर पुस्तकेंहि गेलीं नि गोष्टीहि. दुसरा म्हणे, रोज पुसली जाणारी पाटी मुलांपाशीं आहेच. तिच्यासाठीं संगणक कशाला?

अखेर इमेजमध्यें तिसरा भाग पाडिला. प्रणाली व पुस्तकें कुलुपांत. मुलांचें लिखाण तेवढें तिसऱ्या भागांत. तो बिघडला तरी पेटी उठते व पुस्तकें वाचतां येतात. साच्यांत तो मुद्दाम लहान ठेविला आहे, कारण 32 गिगाबाइटांचीं म्हणून घेतलेलीं दोन कार्डें मोजूं गेल्यास नेमकीं सारखीं भरत नाहींत. पेटी प्रथम जागी होते तेव्हां उरलेली जागा पाहून ती तो भाग स्वतःच वाढवून घेते.

जूनमध्यें बारा कार्डें रवाना झालीं. दिवाळींत त्या बाईंच्या शाळेचें कार्ड आम्हीं तपासण्यास मागविलें. तिसऱ्या भागांत एकेचाळीस फाईली होत्या. एका मुलीनें त्यांच्या घरची म्हैस व्यायली त्या रात्रीची हकीकत लिहिली आहे. ती मध्येंच, अर्ध्या वाक्यावर तुटते; तेव्हां वीज गेली असावी. पुढच्या फाईलींत तिनें तें वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हां लिहिलें आहे, व रेडकूचें नांव काय ठेविलें तेंहि सांगितलें आहे.