चाचणीनंतर शिकवायचं काय?

वाचनात मागे पडलेल्या मुलाला तपासायला आणणारे पालक विचारतात, ‘डिस्लेक्सिया आहे का?’ मला वाटतं, मूल्यमापनाने त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं: या मुलाला उद्यापासून काय शिकवायचं? पूर्वी निदान बुद्ध्यांक आणि वाचन यांतल्या तफावतीवर ठरे. बुद्ध्यांक चांगला आणि वाचन कच्चं, तर डिस्लेक्सिया; दोन्ही बेताचं असेल, तर मूल सरळ ‘ढ’. संशोधनापुढे हा निकष टिकला नाही. दोन्हीकडच्या मुलांची मूळ अडचण बहुधा एकच निघाली: शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं. मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने, म्हणजे २०१३च्या डीएसएम-५ने, तफावतीची अट काढून टाकली. शिवाय तफावत डोळ्यांत भरेपर्यंत मूल तिसरी-चौथीत जातं. वाचता येणारी मुलं वाचत राहतात, न येणारी टाळत राहतात आणि अंतर वाढतं, हे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६मध्येच मांडलं होतं.

‘मराठी बोलतो तशीच लिहितो, मग इथे कसला डिस्लेक्सिया?’ असा आक्षेप असतो. जर्मनही बरीचशी उच्चाराबरहुकूम लिहिली जाते. त्या भाषेत संशोधक हाइन्झ विमर यांना १९९३मध्ये दिसलं, की अडखळणारी मुलं चुका थोड्या करतात, पण वाचतात फार सावकाश. म्हणजे फक्त चुका मोजणारी चाचणी अशा मुलाला सहज पास करील. मराठीतही वेग मोजायलाच हवा. देवनागरीचे पेचही वेगळे आहेत. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘र’ एकच, पण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ यांत चार रूपं घेतो. देवनागरीसारखीच रचना असलेल्या कन्नड लिपीतली अक्षरं पक्की व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं जातात, असं संशोधक सोनाली नाग यांचा अभ्यास सांगतो. त्यामुळे दुसरीतल्या मुलाने जोडाक्षर चुकवलं किंवा ‘घ’ला ‘ध’ म्हटलं, एवढ्यावरून काही ठरत नाही. तपासताना मी चुकांची जात पाहते. ‘झिपोत’सारखा निरर्थक शब्द जुळवता येत नसेल, तर ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ शिकवावा लागतो. जुळतो पण वेळ लागतो, तर तोच छोटा उतारा पुन्हापुन्हा मोठ्याने वाचून घ्यावा. सफाईने वाचूनही अर्थ लागत नसेल, तर शब्दसंपत्ती आणि ऐकून समजणं यांवर काम करावं. अशा तीन मुलांचे गुण सारखे असतील, पण उपाय तीन आहेत, आणि ते निदानाची वाट न पाहता सुरू करावेत.

यावर शिक्षक म्हणतात, निदानाआधी मदत सुरू केली, तर नीट न शिकवलेली मुलंही त्यात येतील. येऊ देत, ध्वनी-अक्षरांच्या नेमक्या शिकवणीने त्यांचं भलंच होईल. उलट अशा शिकवणीनंतरही जो अडखळतो, त्याच्या निदानाला भक्कम पुरावा मिळतो. तरी निदानाचं प्रमाणपत्र मला अनावश्यक वाटत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेतल्या सवलती प्रमाणपत्रावरच मिळतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे, म्हणजे इंग्रजी साधनाची ओढाताण नको. पण परीक्षेत जादा वेळ मिळाल्याने वाचन येत नाही. म्हणून अहवालात गुणांच्या तक्त्यानंतर पुढच्या काही आठवड्यांचे पाठ आणि फेरतपासणीची तारीख असावी. ही दोन्ही नसतील, तर मूल्यमापन अर्धवटच राहिलं.