शंभराचा संघ, दीडशेचा कुत्रा

30 सप्टेंबर

1922 साली शंभर डॉलर भरले की नॅशनल फुटबॉल लीगमध्ये संघ उतरवता यायचा. इथून, कोलंबसहून, उत्तरेला असलेल्या लारू गावचा वॉल्टर लिंगो एअरडेल कुत्र्यांची पैदास करून ती विकायचा. त्याच्याकडच्या एका कुत्र्याची किंमत दीडशे डॉलर. त्यानं संघ का काढला, ते या दोन आकड्यांवरूनच कळावं.

लिंगोचा धंदा टपालावर चालायचा. मासिकांत जाहिरात द्यायची, ऑर्डर आली की कुत्रं पेटीत घालून रेल्वेनं रवाना. पण कुत्रं काय करू शकतं, हे कागदावर किती सांगणार? ते लोकांसमोर पळवून दाखवायला हवं, आणि त्यासाठी आयती गर्दी हवी. गावोगाव सामने खेळत फिरणारा संघ म्हणजे हिंडती जाहिरातच. नाव ठेवलं ऊरँग इंडियन्स. ऊरँग हे त्याच्या श्वानशाळेचं नाव, आणि इंडियन्स म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी. संघात दुसरं कोणी घ्यायचंच नाही, हा नियम.

3 ऑक्टोबर

असा संघ उभा करायला नाव असलेला माणूस हवा होता, आणि तो लिंगोच्या ओळखीत होता. जिम थॉर्प. सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाचा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं त्यानं जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली, कारण आधी कधीतरी उन्हाळ्यात पैसे घेऊन तो किरकोळ बेसबॉल खेळला होता. कॉलेजातली कित्येक पोरं तेच करायची, खोट्या नावानं. हा खऱ्या नावानं खेळला आणि सापडला.

लिंगोची आणि त्याची दोस्ती शिकारीतून झाली, कुत्र्यांच्याच निमित्तानं. आठवड्याला पाचशे डॉलर ठरले. त्या पैशात त्यानं खेळायचं, संघाला शिकवायचं आणि श्वानशाळेवरही देखरेख ठेवायची. तेव्हा तो पस्तिशीला टेकला होता, आणि पहिल्या मोसमात बऱ्याचदा बाकावरच बसून राहिला.

5 ऑक्टोबर, शनिवार

आज कोलंबसमध्ये लाल रंगाशिवाय काही दिसत नाही. युनिव्हर्सिटीचा सामना आहे. नवरा सकाळपासूनच लाल जर्सी चढवून बसलाय. मराठी मंडळातले निम्मे लोकही तसेच असणार, त्यामुळे आज मीटिंग ठेवायची हिंमत कुणी केलेली नाही.

हे घोड्याच्या नालेच्या आकाराचं अवाढव्य स्टेडियमही 1922 च्या ऑक्टोबरमधलंच. साठ हजारांहून जास्त माणसं बसतील असं बांधलं, तेही कॉलेजच्या पोरांच्या खेळासाठी. प्रतिष्ठा होती ती या पोरांना. पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे लोक नाक मुरडून बघायचे. शनिवार कॉलेजचा असल्यामुळे त्यांच्या वाट्याला रविवार यायचा. आपल्याच कोलंबसचा संघ, पॅनहँडल्स, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगारांचा. बॉयलर बनवणारे नेसर बंधू त्यात खेळायचे. परगावी जायला रेल्वेचा पास असल्यानं प्रवास फुकट! त्यांचा मॅनेजर जो कार पुढे लीगचा अध्यक्ष झाला आणि 1939 मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. आज अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या लीगचा कारभार तेव्हा याच शहरातून चालायचा, हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो का? जरा टीव्हीसमोरून बाजूला हो."

ऊरँगनं आपला पहिला विजय याच पॅनहँडल्सवर मिळवला.

13 ऑक्टोबर, रविवार

लारूला जाऊन आले. सोबत लेक होती. येण्याच्या बदल्यात तिनं आइस्क्रीम कबूल करून घेतलं.

डेलावेअर गाव सोडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मका. सोयाबीनची काढणी चालली होती, धूळ पार काचेवर येत होती. गाव सायोटो नदीच्या काठाला. एक मुख्य रस्ता, जुनी विटांची दुकानं, निम्म्यांना कुलूप. वस्ती आजही हजाराच्या आत आहे, तेव्हाही होती. एनएफएलचा संघ असलेलं इतकं छोटं गाव दुसरं झालं नाही. संघाची आठवण म्हणून सरकारी फलक उभारलाय, तो लेकीनं मोठ्यानं वाचला, आणि मग विचारलं, "मैदान कुठंय?"

मैदान नव्हतंच. लारूत सामने भरवण्यासारखी जागा नव्हती. 'घरचा' सामना कधी झालाच तर तो मॅरियनला, जिल्ह्याच्या ठिकाणी. दोन मोसमांत वीस सामने, जवळजवळ सगळे परगावी. लिंगोला घरचं मैदान हवं तरी कशाला होतं? लारूतल्या लोकांना त्याची कुत्री रोजच दिसायची.

येताना मॅरियनवरून आलो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग इथलेच, इथल्या वर्तमानपत्राचे मालक. व्हाइट हाऊसमध्ये त्यांनी पाळलेला लॅडी बॉय हाही एअरडेल. तो लिंगोकडचा नव्हता, पण जातीचा बोलबाला झाला आणि त्याचा फायदा लिंगोलाही झालाच असणार. नशीब काढलं म्हणतात ते हे.

16 ऑक्टोबर

रात्रीचा सव्वा वाजलाय, पण हे लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही.

मध्यांतरात इतर संघ पाणी प्यायचे, जरा पाय मोकळे करायचे. ऊरँगच्या खेळाडूंचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. अर्धा सामना धक्के खाऊन झालेला, अंगावर चिखल. तशात पिसांचे मुकुट आणि झालरीचे कपडे चढवून मैदानात यायचं. नाच करायचा. कुऱ्हाडी आणि सुरे फेकून दाखवायचे. दोरीचा फास टाकायचा. एअरडेल कुत्र्यांकडून शिकारीचे खेळ करून घ्यायचे. पहिल्या महायुद्धातला एक प्रसंगही उभा करायचे: मूळनिवासी टेहळे जर्मनांशी लढताहेत आणि रेड क्रॉसची कुत्री जखमींपर्यंत पोचताहेत. निक लासा म्हणून एक धिप्पाड गडी होता. संघातलं त्याचं नाव 'लाँग टाइम स्लीप', कारण सकाळी तो उठता उठायचा नाही. त्याला अस्वलाशी कुस्ती खेळायला लावत. थॉर्प मैदानाच्या मध्यावरून लाथ मारून चेंडू गोलाच्या खांबांवरून पाठवायचा, मग वळून दुसऱ्या टोकाला तेच, असंही सांगतात.

एवढं झालं की मुकुट उतरवायचे आणि पुन्हा सामना. समोरचा संघ ताजातवाना.

लिंगोला मूर्ख म्हणता येणार नाही. माणसं तिकीट काढतात ते फक्त निकालासाठी नाही, हे त्याला लीगमधल्या सगळ्यांच्या आधी उमगलं होतं. सुपर बोलच्या मध्यांतरात आज जे काही चालतं त्याची पहिली आवृत्ती लारूतल्या या कुत्रेविक्यानं काढली, असं म्हणायला माझी हरकत नाही. हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे, आणि ती नीट सांगता यायला जरा वेळ हवा.

20 ऑक्टोबर

ऊरँगचे खेळाडू थॉर्प, जो गायन, पीट कॅलॅक, लासा, लिऑन बाउटवेल; यातले बरेचसे कार्लाइल इंडियन स्कूलचे विद्यार्थी. पेन्सिल्वेनियातली ही सरकारी निवासी शाळा 1879 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यानं काढली. पोरांना घरापासून शेकडो मैल दूर आणायचं, केस कापायचे, नावं बदलायची, आपली भाषा बोलायला बंदी करायची. 'इंडियन' पुसून टाकून माणूस शिल्लक ठेवायचा, असं तिचं उघड धोरण होतं. शाळा 1918 मध्ये बंद पडली.

शाळेनं आपली कामगिरी म्हणून मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडीनं काढून वाटले. त्यातली टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची जोडी आज बराच वेळ बघत बसले. पहिल्यात खांद्यावर रुळणारे केस, कानात मोठी कडी, गळ्यात माळा, अंगावर घोंगडी. दुसऱ्यात कोट, कडक कॉलर, चापून पाडलेला भांग. कातडीसुद्धा उजळ दिसते. ती प्रकाशाची करामत म्हणतात. डोळे मात्र दोन्हीकडे नेमके कॅमेऱ्यावर रोखलेले.

आता यापुढे लिंगोचा संघ ठेवून बघा. सरकारनं ज्यांच्या अंगावरचं सगळं उतरवलं, त्यांनाच एका व्यापाऱ्यानं पगार देऊन ते पुन्हा चढवायला लावलं. तेही त्यांच्या-त्यांच्या जमातीचं नव्हे, तर तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र असेल ते. चिप्पेवा असो की कॅलिफोर्नियाचा मिशन इंडियन, पिसं सगळ्यांना सारखीच. बाउटवेलनं पुढे सांगितलं होतं की गोरे लोक आम्हाला रानटी समजायचे, आम्ही मात्र बहुतेक शिकलेसवरलेले होतो. परगावी गेल्यावर दंगा केला, पिऊन धिंगाणा घातला, तरी 'रानटीच ते' म्हणून खपून जायचं, आणि या समजाचा त्यांनी यथेच्छ फायदा उठवला. हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

4 नोव्हेंबर

1923 मध्ये आजच्याच तारखेला शिकागोत ऊरँगचा बेअर्सविरुद्ध सामना होता. पाऊस, चिखल. गोलरेषा दोन पावलांवर असताना थॉर्पच्या हातून चेंडू निसटला. जॉर्ज हालासनं तो उचलला आणि उलट दिशेला पळत सुटला, मागे थॉर्प. हालास बेअर्सचा मालकही आणि खेळाडूही. ऑलिंपिक विजेता पाठीवर आहे म्हटल्यावर तो नागमोडी पळाला, आणि 98 यार्ड कापून पार पलीकडे पोचला. हा विक्रम 1972 पर्यंत टिकला.

थॉर्प तरुण असता तर हालास वीस यार्डांतच सापडला असता, असं नवऱ्याचं मत. या विषयात त्याचं माझ्याशी पहिल्यांदाच जमलं.

10 नोव्हेंबर

हिशेब फार नाही. 1922 मध्ये नऊपैकी तीन विजय. ॲक्रनकडून 62-0 असा मार खाल्ला, तोही याच मोसमात. 1923 मध्ये अकरापैकी एक, तोही अगदी शेवटी, लुईव्हिलविरुद्ध. नवलाई ओसरली, लोक येईनासे झाले, लिंगोनं संघ बंद केला आणि तो आपल्या कुत्र्यांकडे परतला. गायन 1927 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून अजिंक्यपद जिंकला. खेळ येत नव्हता म्हणून हरले, असं म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे बघावं.

संघ मोडल्यावर सहाएक महिन्यांनी, जून 1924 मध्ये, देशातल्या सगळ्या मूळनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व देणारा कायदा झाला.

28 नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

घरात पाहुणे, ओव्हनमध्ये टर्की (आणि माझ्यासाठी मसालेभात), टीव्हीवर सकाळपासून फुटबॉल. लेक चुलतभावंडांना जिम थॉर्पबद्दल सांगत होती. पदकं परत मिळाली का, हा पहिला प्रश्न. 1982 मध्ये मिळाली, पण विजेतेपद विभागून. एकट्याचं नाव लागायला 2022 उजाडलं. तो गेला 1953 मध्येच.

पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. ओक्लाहोमात त्याच्या जमातीच्या रीतीनं अंत्यविधी चालू असताना तिसऱ्या बायकोनं शव उचलून नेलं. पेन्सिल्वेनियातली दोन खंगलेली शेजारगावं गिऱ्हाइकाच्या शोधात होती. ती 1954 मध्ये एक झाली, 'जिम थॉर्प' हे नाव घेतलं आणि प्रवासी येतील या आशेनं त्याला तिथं पुरलं. हयातीत त्यानं त्या गावात कधी पाऊल टाकल्याचा दाखला नाही. मुलगे वडिलांना घरी न्यायला कोर्टात गेले. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तो अजून तिथंच आहे.

लिंगो निदान आठवड्याला पाचशे डॉलर तरी देत होता.