वाळवंटात जळतं तरी काय?

फिनिक्सहून स्टेट रूट ८७ ने ईशान्येला निघालं, की शहर मागे पडल्यावर उजव्या हाताला फोर पीक्सचा कच्चा रस्ता फुटतो. टोंटो नॅशनल फॉरेस्टच्या नकाशात त्याचा नंबर १४३. सुरुवातीला तो सरळ असतो, मग उंच सग्वारो निवडुंगांमधून वळणं घेत डोंगराला लागतो. समोर चार सुळके, त्यांतला सगळ्यात उंच सुमारे २३०० मीटरचा. माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मला जीप शिकवायला इथे घेऊन आले. जूनचा महिना होता. ॲरिझोनातला पावसाळा सुरू व्हायचा होता आणि सकाळीच पारा ४० अंशांना टेकला होता.

हायवे सोडल्यावर दाजींनी चारही टायरमधली हवा ३५ वरून २० पर्यंत उतरवली. टायर पसरला की वाळूत रुतत नाही. लो रेंज कधी टाकायची, उतारावर गाडी ब्रेकऐवजी गिअरवर कशी धरायची, मोठा दगड पोटाखाली न घेता त्यावर चाक कसं चढवायचं, हे सगळं एकदमच डोक्यात येत होतं आणि स्टिअरिंगवरचे हात घामेजले होते. अशात खाली डाव्या अंगाला पांढरट काहीतरी उठताना दिसलं.

"दाजी, खालून कोणीतरी जोरात येतंय."

त्यांनी वळून पाहिलं. "अगं, धुरळा गाडीबरोबर पुढे सरकतो. हे एका जागेवरून वर चढतंय. धूर आहे तो. गाडी थांबव."

"पण इथे जळायला आहे काय?"

मी साताऱ्याची. यवतेश्वरच्या डोंगरावर रात्री वणवा लागलेला लहानपणापासून पाहत आले आहे. पण तिथे उन्हाळ्यात डोंगरभर वाळलेलं गवत असतं. इथे मला दिसत होते ते दगड, वाळू आणि काटे. दाजींनी रस्त्याच्या कडेकडे बोट दाखवलं. झुडपांच्या मधे, दगडांच्या फटीत, निवडुंगांच्या पायथ्याशी वीतभर गवत उभं होतं, वाळून तांबूस पिवळं पडलेलं. सकाळपासून तेच डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला वाळवंटाचा रंग समजत होते.

दाजींनी आधी धूर कुठे कलतोय ते पाहिलं. वारा तो आमच्या बाजूलाच ढकलत होता. "आग चढणीला पळते," ते म्हणाले. "ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात. दहा अंशांनी चढ वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. आपण वर आहोत. रस्ता मोकळा आहे तोवर खाली उतरायचं." स्टिअरिंग त्यांनी घेतलं. काचा बंद, दिवे चालू, एसीची बाहेरची हवा बंद. मी फोन हातात धरून बसले. एका वळणावर रेंज मिळाली आणि ९११ लागला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो जागेचा. रस्त्याचा नंबर, हायवेपासून साधारण किती मैल आणि धूर रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे दाजी सांगत गेले आणि मी बोलत गेले. वर येणारी एक जीप दिसताच दाजींनी हात बाहेर काढून तिला थांबवलं आणि मागे वळायला लावलं.

खालच्या वळणावर आग प्रत्यक्ष दिसली. आगीच्या ज्वाळा झाडाएवढ्या असतात असा माझा समज होता. ही जेमतेम गुडघाभर उंचीची ओळ होती, पण माणूस पळेल त्या वेगाने सरकत होती. रस्त्यापासून शंभरेक पावलांवर ती एका सग्वारोला भिडली. आधी बुंध्याचे वाळके काटे पेटले. मग सालीच्या उभ्या घड्यांमधून जाळ काट्याकाट्याने वर चढला आणि काही क्षणांत विझलाही. सग्वारो उभाच राहिला, फक्त कमरेपर्यंत काळा पडला होता. "वाचला," मी म्हणाले. दाजींनी मान हलवली. भाजलेला सग्वारो लगेच पडत नाही. तो वर्ष-दोन वर्षं हिरवा दिसतो, कधी फुलतोसुद्धा, आणि मग आतून सडून कोसळतो.

हायवेजवळच्या मोकळ्या, खडीच्या मैदानात आम्ही पोचलो तेव्हा दोन बंब आत जात होते. थोड्या वेळाने हेलिकॉप्टर पाण्याची बादली लटकवून फेऱ्या मारू लागलं. ती आग त्याच दिवशी आटोक्यात आली.

पण माझा प्रश्न सुटला नव्हता. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की या सोनोरन वाळवंटात मोठे वणवे नेहमीचे नव्हतेच. दोन झुडपांमधली जमीन उघडी असायची, ठिणगी पडली तरी जागच्या जागी विझायची. ही उघडी जमीन बाहेरून आलेल्या गवतांनी भरून टाकली. भूमध्य सागराकडून आलेलं रेड ब्रोम हिवाळ्यातल्या पावसावर उगवतं आणि मे महिन्यापर्यंत वाळून काडी होतं. टुसॉनच्या बाजूला बफेलग्रास पसरलं आहे, आपल्याकडे गुरांना चारा म्हणून लावतात तेच अंजन गवत. अमेरिकेत तेही चाऱ्यासाठी आणि मातीची धूप रोखण्यासाठीच आणलं होतं. जळाल्यावर ही गवतं पुन्हा जोमाने येतात. सग्वारो येत नाही. पहिल्या आठ वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो, आणि पहिला फाटा फुटायला बहुधा ५० ते ७५ वर्षं जातात.

आम्ही गेलो होतो त्याच भागात १३ जून २०२० रोजी 'बुश फायर' नावाची आग लागली. सुरुवात एका पेटलेल्या गाडीपासून झाली होती. १ लाख ९३ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं आणि आसपासच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. हा आकडा वाचल्यापासून गाडीखालच्या गवताकडे मी सहज पाहू शकत नाही. गाडीच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि वाळलेल्या काडीला पेटायला तेवढी उष्णता पुष्कळ होते. ट्रेलरची रस्त्यावर घासत जाणारी साखळी ठिणग्या उडवते, तेवढ्यानेही कडेचं गवत धरतं.

ॲरिझोनात आता आपली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जीप काढायची हौस अनेकांना आहे. जरूर जा, वाळवंट सुंदर आहे. पण निघण्याआधी जंगलखात्याचे आगीचे निर्बंध बघा. नेमलेला रस्ता सोडू नका आणि वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. साखळ्या वर बांधा, अग्निशामक आणि भरपूर पाणी जवळ ठेवा, आपण कुठल्या नंबरच्या रस्त्यावर आहोत ते लक्षात ठेवा. धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका. वाट मोकळी आहे तोवर गाडी वळवा, ९११ ला कळवा आणि वर येणाऱ्यांना परत फिरवा.