दोन गिरण्या, दोन पत्रं

बिर्लानगर, ग्वाल्हेर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

किल्ला पाहून झाला आणि पाय आपोआप हजिऱ्याकडे वळले. तानसेनाच्या मकबऱ्यापासून बिर्लानगर जवळच आहे. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ साली शिंदे सरकारच्या पाठबळावर इथं जियाजीराव कॉटन मिल काढली. गावाच्या तोंडी ती जेसी मिल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

एवढी जागा शहरात मोकळी दिसली की बेत सुचतातच. मलाही सुचले: साचेखात्यात हातमागाचा बाजार, गोदामात नाट्यगृह, वर कचेऱ्या, मागं घरं. चंदेरी याच भागातली, तेव्हा बाजाराला मालही मिळेल. पण इथं कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतं.

तुमची,
सुमन

इंदूर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ग्वाल्हेरकर ज्या गिरणीचा दाखला देतात, ती हुकुमचंद मिल पाहिली. तीही १९९१ साली बंद झाली. कामगार वर्षानुवर्षं कोर्टात लढले. शेवटी मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळानं जमिनीच्या बदल्यात पैसे भरायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांसाठी २२४ कोटींचा धनादेश अवसायकाकडे गेला. उशीर झालाच, कित्येकजण तोवर गेले होते. तरी इमारती उठायच्या आधी देणी, हा क्रम पाळला गेला.

आपल्याकडे मुंबईत १९९१च्या नियमात बंद गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिकेला, म्हाडाला, मालकाला. २००१ साली वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि परळ-लालबागमध्ये पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसला. फिनिक्स मिलमध्ये चिमणी राहिली, खालचं खातं बाजार झालं. चिमणी राखल्याचा मला राग नाही. पाडली असती तर जास्त वाईट वाटलं असतं. पण जुनी भिंत राखली म्हणून जुना हिशेब मिटत नाही.

जेसी मिलची जागा उद्या कुणाच्याही हाती जावो, निविदेच्या पहिल्या पानावर कामगारांची देणी असावीत, नाट्यगृह दुसऱ्या पानावर चालेल.

गिरणी कामगार म्हणून केलेल्या तुमच्या घराच्या अर्जाला गिरणीचं हजेरीपत्रक आणि तिकीट जोडलंत ना? नसेल तर मी आल्यावर बघू, मूळ कागद कुणाला देऊ नका.

तुमची,
सुमन