वरून पाहिलेलें गांव

रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत लंकेहून अयोध्येस निघालेला राम पुष्पक विमानांतून सीतेला खालची भूमि दाखवीत येतो. प्रथम समुद्र, मग जनस्थान, गोदातीर, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम आणि शेवटीं सरयू. हा सर्ग मीं कितीदां वाचला आणि विद्यार्थ्यांना किती वेळां समजावून दिला, याची गणती नाहीं. परंतु वरून पाहिलेली भूमि ओळखणें किती अवघड असतें, हें मात्र मला माझ्या अकरा वर्षांच्या नातवानें शिकविलें.

आमच्या घरीं रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपलीं म्हणजे माजघरांत एक खेळ रंगतो. नातू संगणकावर उपग्रहानें टिपलेलें एखादें चित्र लावतो. गांवांचीं नांवें, सीमा, सारें झांकलेलें. तें स्थळ कोठलें, हें बाकीच्यांनीं सांगावयाचें. नियम दोनच. तर्क फक्त तीन वेळां करावयाचा. आणि नुसतें नांव सांगून भागत नाहीं, कारणहि द्यावें लागतें. हा दुसरा नियम माझा. मास्तरकी अंगांत मुरलेली, ती सुटावी कशी?

आकाशांतून भूमीचें चित्र घेण्याची हौस तशी जुनी आहे. १८५८ सालीं नादार नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमधून तो प्रयोग केला. १८६० सालीं बलूनमधून घेतलेलें बोस्टन शहराचें छायाचित्र आजहि टिकून आहे. लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजीं सोडण्यांत आला, आणि आपला आय्. आर्. एस्. १ ए हा १७ मार्च १९८८ रोजीं. आतां तीं चित्रें घरबसल्या पाहावयास मिळतात.

या खेळानें माझें भूगोलाचें ज्ञान नव्यानें घांसून निघालें. वाळवंटांत हिरवीं नाणीं मांडावीं तशीं वर्तुळें दिसलीं, तर तेथें मध्यबिंदूभोंवतीं फिरणाऱ्या लांब नळानें शेतें भिजवितात असें समजावें. मग सौदी अरबस्तान आठवावें. बुद्धिबळाच्या पटासारखीं शेतें दिसलीं तर अमेरिकेचा मध्यभाग, कारण तेथील जमीन मैलामैलाच्या चौरसांनीं मोजलेली आहे. नदीपासून काटकोनांत निघालेल्या लांबट अरुंद पट्ट्या दिसल्या तर कॅनडांतील क्वेबेक. लोणारचें सरोवर मीं पहिल्याच तर्कांत ओळखलें. २०२० च्या जूनमध्यें तें गुलाबी झालें होतें, त्या वेळचें चित्र लावून नातवानें मला फसवूं पाहिलें; पण सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें वाटोळें विवर रंग बदलल्यानें थोडेंच लपतें?

फजितीहि झाली. एकदां हिमालयांतील दरी मला डोंगराच्या रांगेसारखी दिसली. नातू म्हणाला, "आजोबा, चित्र उलटें करून पाहा." उलटें करतांच डोंगराची दरी झाली! उजेड वरून येतो अशी आपल्या डोळ्यांची समजूत असते. उपग्रह बहुधा सकाळीं जातो. तेव्हां तेथें ऊन आग्नेयेकडून, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूनें येतें, आणि दृष्टि फसते. तरीहि घरांत या खेळांतला पंडित मीच, असा माझा समज होता.

गेल्या मे महिन्यांत तो उतरला. नातवानें एक चित्र लावलें. मोठें पाणी, बोटांसारख्या फुटलेल्या त्याच्या शाखा, कांठाला तपकिरी चिखलाचा पट्टा, आणि त्या चिखलांत कांहीं अस्पष्ट सरळ रेघा. मीं आटत चाललेला अरल समुद्र सांगितला, मग आफ्रिकेंतलें सरोवर सांगितलें, शेवटीं कृष्णेवरचें नागार्जुनसागर सांगितलें. तिन्ही तर्क चुकले.

आमचे थोरले बंधु, दादा, ऐंशीला टेकले आहेत. ते झोपाळ्यावर सुपारी कातरीत बसतात, खेळांत कधीं येत नाहींत. त्या दिवशीं ते उठले, चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही भीमा."

"थोरले आजोबा, कारण सांगा," नातू म्हणाला.

"कारण? इथें नदी वळते. हा आपला घाट. ही वेशींतून देवळाकडे जाणारी वाट. आणि हें..." बोट थांबलें. "हें आपलें परसूं. आईचें तुळशीवृंदावन इथें होतें."

आमचें गांव इंदापूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं होतें. उजनीच्या धरणाचें काम १९६९ सालीं सुरू झालें आणि १९८० सालीं पुरें झालें. गांव उठलें तेव्हां मी वीस वर्षांचा, पुण्यास शिक्षक होण्यासाठीं शिकत होतों. मी गेलों नाहीं. मीं एक लांबलचक पत्र धाडलें: राष्ट्राच्या उन्नतीसाठीं त्याग हवा, घर म्हणजे अखेर दगडमाती, आईनें रडूं नये. तुळया काढणें, भांडीं गाडींत भरणें, आईला हाताला धरून वेशीबाहेर आणणें, हें सारें दादांनीं एकट्यानें केलें.

त्या दुपारीं मुलें उठून गेल्यावर मीं विचारलें, "दादा, माझें पत्र ऐकून आई काय म्हणाली होती?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, तें मीं तिला वाचून दाखविलेंच नाहीं. धाकट्याला रजा मिळत नाहीं, त्याचा जीव इकडेच लागला आहे, एवढेंच सांगितलें."

आई जाऊन आज कैक वर्षें झालीं. धरणाच्या पाण्यानें सोलापूरकडील कोरडी जमीन भिजली, ऊंस उभा राहिला. माझें पत्र खोटें नव्हतें. पण खरें असूनहि तें आईला वाचून दाखविण्याजोगें नव्हतें, हें दादांना तेव्हांच कळलें. मला कळावयास साठी उलटावी लागली.

रामानें विमानांतून भूमि ओळखली, ती नुसत्या दृष्टीच्या जोरावर नव्हे. त्या वाटा तो अनवाणी चालला होता. मीं गांव सोडलें तें मागें न पाहतां, मग तें मला वरून कसें ओळखूं यावें?

पुढच्या उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे दादांना घेऊन तेथें जावयाचें ठरविलें आहे. नातू नकाशा बरोबर घेणार आहे. वाट मात्र दादा दाखवितील, आणि मी त्यांच्या मागून चालेन.