माहे आणि जन्माचा दाखला

पाँडिचेरी, कारिकल, यानान, माहे, चंद्रनगर. फ्रेंचांच्या भारतातील ह्या पाच वसाहती आम्ही तीस वर्षे भूगोलाच्या तासाला मुलांकडून घोकून घेतल्या, पण त्यांपैकी एकीचेही तोंड स्वतः पाहिले नव्हते. शिक्षकाच्या अशा पुष्कळ गोष्टी राहून जातात. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२४ साली, आमच्या पेडण्याच्या स्नेह्याने फोनवर, "मास्तर, शनिवार-रविवार फ्रान्सला जाऊन येऊ," असे म्हटले तेव्हा आम्ही आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली. मग उलगडा झाला. शुक्रवारी रात्री थिवीला नेत्रावती एक्स्प्रेस धरावयाची, शनिवारी सकाळी मलबारात उतरावयाचे, रविवारी सायंकाळी परतीची गाडी, सोमवारी पहाटे पुन्हा थिवी. पासपोर्ट नको, व्हिसा नको.

हा स्नेही मूळ पेडण्याचा असला तरी लहानपणी डिचोलीस मामाकडे राहून शिकला. १९६० साली देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या एकशिक्षकी मराठी शाळेत आम्ही दोघे एका गोणपाटावर बसलो. सारा वाडा त्याला भाचा म्हणे. आम्हीही म्हणू लागलो, आणि आज त्याला नातवंडे असताना तेच म्हणतो.

आम्हां डिचोली-पेडणेकरांस आगगाडी उशिराच लाभली. पोर्तुगीज अमदानीतील एकुलती एक लोहवाट मुरगावाहून कुळें, कॅसलरॉककडे जाई. आमच्या बाजूच्या कित्येकांनी इंजिन पहिल्याने पाहिले ते बेळगावास किंवा मुंबईस गेल्यावर. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी सलग खुली झाली, आणि शेवटपर्यंत अडून बसला होता तो पेडण्याचा बोगदा. माती मऊ, पाणी धरणारी. खणावे तितकी ढासळे. पुढेही तिने आपला स्वभाव सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्यातील भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये पाणी शिरले, आणि दोन्ही वेळा गाड्या दूरच्या वाटेने न्याव्या लागल्या. भाच्याला ह्याचा कोण अभिमान! "पेडण्याची माती कुणालाच सुखासुखी वाट देत नाही," असे तो गाडीत समोरच्या प्रवाशांनाही ऐकवीत होता. पोर्तुगीजांना ती १७८८ साली सावंतवाडीकरांकडून तहात मिळाली हे आम्ही त्याला हळूच सांगितले. डिचोली तर त्याआधी सातेक वर्षे गेली होती. तो म्हणाला, "कागदावर मिळाली."

कागद हा शब्द त्याच्या तोंडी त्या रात्री दोनतीनदा आला. आम्ही तेव्हा लक्ष दिले नाही. मांडवी आणि जुवारी अंधारातच गेल्या. घरून आणलेली चपाती-भाजी मडगावच्या आत संपली आणि झोप लागली ती केरळात उजाडेपर्यंत.

माहे नावाचे स्थानक आहे, पण तेथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि गंमत अशी की ते माहेत नाही. हद्दीबाहेर, केरळातील अळियूर गावात आहे. आम्ही थलश्शेरीस उतरलो आणि बसने दक्षिणेकडे निघालो. रस्ता आमच्या ओळखीचा निघाला. पत्रादेवीपाशी गोव्यात शिरतो आणि पेडणे तालुका ओलांडून कोलवाळच्या पुलाकडे उतरतो तोच हा महामार्ग, पूर्वीचा सतरा क्रमांकाचा, आताचा सहासष्टावा. २०२४ साली वळणरस्ता झाल्यापासून अवजड वाहने गावाबाहेरून जातात. तरी जुन्या रस्त्यावरची गर्दी काही हटलेली दिसली नाही. नदीवरचा पूल ओलांडला मात्र, दोन्ही बाजूंना दारूच्या दुकानांची रांग सुरू झाली. माहे आजही पुदुच्चेरी ह्या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे, कर वेगळे, म्हणून शेजारच्या केरळातून लोक येथे घसा ओला करावयास येतात. भाचा खिडकीतून पाहत म्हणाला, "मास्तर, पत्रादेवी आली रे!"

सगळे माहे जेमतेम नऊ चौरस किलोमीटरांचे. त्यातही सलगता नाही. नदीच्या दक्षिणेस मूळ गाव, उत्तरेस पळ्ळूर, पंदक्कल, चालक्करा, चेरुकल्लायी अशी तुटक ठिगळे, मध्ये केरळ. फ्रेंचांनी १७२१ साली येथील राजाशी करार करून मिरीच्या व्यापारासाठी पाय रोवला. एवढ्याशा जागेसाठी इंग्रजांनी आणि त्यांनी किती वेळा हाणामारी केली त्याचा हिशेब ठेवणे कठीण. १७७९ साली इंग्रजांनी माहे घेतले तेव्हा हैदर अली खवळला, कारण त्याची युद्धसामग्री ह्याच बंदरातून येई. आणि मग हैदर, निजाम व नाना फडणीस एका बाजूला आले. पुण्याच्या दरबारातील त्या खलबतांच्या मुळाशी हे नदीमुखावरचे गाव होते, हे वर्गात शिकविताना आमच्या ध्यानातच आले नव्हते.

नदीकाठी टागोर उद्यान आहे. तेथे मारियानचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीचा पुतळा आहे. जवळच उंचवट्यावर प्रशासकाचा बंगला. गोव्यात आम्ही पोर्तुगीजांचे पुतळे हलविले, काहींची रवानगी संग्रहालयात केली. मारियान मात्र आपल्या जागी उभी आहे, आणि तिच्या पायाशी पोरे आइस्क्रीम खातात. त्यात कोणाला काही खटकते आहे असे दिसले नाही. आम्हांस थोडे खटकले, हे कबूल करतो.

पुढे संत तेरेसाचे देऊळ. १७३६ पासूनचे, अलीकडेच त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. ऑक्टोबरात मोठा उत्सव होतो. तो सरला होता, तरी मेणबत्त्या लावणाऱ्यांत कपाळी चंदन लावलेल्या बायका होत्या. शिरगावच्या लईराईचे तेल म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीस जाते, त्या मुलखातल्या माणसास ह्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. भाच्याने एक मेणबत्ती लावली. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

उद्यानातल्या बाकावर दुपारी एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. ऐंशीच्या पुढचे, पांढरेशुभ्र मुंडू, छत्री. आम्ही गोव्याचे म्हटल्यावर ते एकदम सरसावून बसले. इंग्रजी मोडके, हिंदी त्याहून मोडके, पण बोलणे थांबेना. लहानपणी फ्रेंच शाळेत होते. अं, द, त्र्वा असे वीसपर्यंत अंक त्यांनी न अडखळता म्हणून दाखविले. भाच्यानेही चढाओढीने उं, दोइश, त्रेश सुरू केले. पोर्तुगीज शाळेत तो काही महिने गेला होता. दहापाशी त्याची गाडी थांबली. दोन म्हातारे दोन मेलेल्या सरकारांचे अंक मोजत बसलेले पाहून शेजारची मुले हसू लागली.

मग त्यांनी भावाची हकिकत सांगितली. माहेतून फ्रेंच सत्ता १६ जुलै १९५४ रोजी गेली. आय. के. कुमारन ह्यांच्या महाजन सभेने लढा चालविला होता. चेरुकल्लायीस त्या एप्रिलात गोळीबारही झाला. कागदोपत्री हस्तांतर मात्र १६ ऑगस्ट १९६२ रोजी पूर्ण झाले, आणि ज्यांना फ्रेंचच राहावयाचे होते त्यांनी सहा महिन्यांत तसे लिहून द्यावे, अशी तरतूद तहात होती. थोरला भाऊ फ्रेंच सैन्यातून आलेला. त्याने लिहून दिले. धाकट्याने, म्हणजे ह्यांनी, दिले नाही. एका घरात दोन देश झाले. भाऊ पुढे तिकडेच गेला, तिकडेच वारला. घर अजून दोघांच्या नावाचे आहे, विकावयाचे वा दुरुस्त करावयाचे तर तिकडच्या पुतण्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या येत नाहीत. पावसाळ्यात एका बाजूची कौले उडाली आहेत.

भाच्याने विचारले, "भावाचे बरोबर होते, की तुमचे?"

ते गृहस्थ बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. आता काही मोठे वाक्य येणार असे आम्हांस वाटले. ते म्हणाले, "पेन्शन वेळेवर यायची." आणि खळखळून हसले.

एम. मुकुंदन ह्याच गावचे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीचा नायक दासन फ्रेंच सरकारच्या नोकरीकडे पाठ फिरवून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरतो. त्या कादंबरीत समुद्रात दूरवर एक पांढरा खडक आहे. जन्म आणि पुनर्जन्म ह्यांमध्ये माणसांचे आत्मे तेथे चतुर होऊन भिरभिरतात. इंग्रजी भाषांतरातून वाचल्यापासून तो खडक पाहण्याची आम्हांस फार इच्छा होती. सायंकाळी नदीमुखाशी जाऊन डोळे ताणले. धुके होते. काही दिसले नाही.

तेथेच भाच्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. पेडण्याच्या नोंदवहीतील त्याच्या जन्माची नक्कल. नातवास युरोपात जावयाचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची नोंद लिस्बनला उतरविली की त्याच्या मुलाला, मग नातवाला पोर्तुगीज पासपोर्टाची वाट मोकळी होते, हे आपल्यापैकी बहुतेक घरांस ठाऊक आहे. अशी नोंद उतरविणाऱ्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाचे काय, ह्याविषयी वकील जितके तितकी मते. परंतु भाच्याची अडचण निराळीच होती. वहीत पाळण्यातले नाव, तेही पोर्तुगीज कानाने ऐकलेले. शाळेत मामाने सांगितलेले नाव दुसरेच. वहीत जन्म ऑगस्ट १९५३, शाळेत १ जून १९५४. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा होता. तेव्हा ही दोन माणसे एकच, असे त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणीतरी प्रतिज्ञेवर लिहून द्यावयाचे होते. मामाच्या वाड्यातले बाकी कोणी उरले नव्हते.

फ्रान्सची सहल त्यासाठी होती तर!

आम्हांस राग आला. गेली कित्येक वर्षे १९ डिसेंबरला आम्ही व्यासपीठावरून बोलत आलो आहोत. भाच्याच्या वडिलांनी ऑगस्ट १९५५ मध्ये पत्रादेवीच्या गोळीबारातून परतलेल्या सत्याग्रहींस गोठ्यात लपविले आणि त्यापायी पोलिसांचा मार खाल्ला, हे उदाहरण त्या भाषणांत आम्ही नाव न घेता दरवर्षी देतो. आम्ही तेच बोलून दाखविले. म्हटले, भारत सरकारच्या १९६२ च्या आदेशाने गोव्यातही मुदत दिली होती, एक महिन्याची; ज्याला पोर्तुगीज राहावयाचे होते त्याने तेव्हाच लिहून द्यावयाचे होते. तुझ्या बापाने दिले नाही.

तो शांतपणे म्हणाला, "बापाने नाही दिले. नातू मागतो आहे. मधला मी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मोपाच्या विमानतळाला जमिनी गेल्या तेव्हा पोरांना नोकऱ्या मिळतील म्हणून भाषणे झाली होती. त्यातल्या कुठल्या भाषणाला तू उठून उभा राहिला होतास, मास्तर?"

आमच्या चुलत घरातली दोन मुले ह्याच पासपोर्टावर लंडनला गेली आहेत. त्यांच्या पाठवणीला आम्ही पेढे खाल्ले होते, आणि विमानतळावर फोटोतही आहोत. हे भाच्याला ठाऊक होते. तो बोलला नाही, ही त्याची रीत. परतीच्या गाडीत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. मंगळूर गेल्यावर त्याने वरच्या बाकावरून एवढेच विचारले, "ते म्हातारबुवांच्या घराची कौले कोण घालील रे?" पेडण्याच्या घरास अकरा वाटेकरी आहेत. आपल्याकडच्या कायद्याने त्यांच्या बायकांच्याही सह्या लागतात. नातू गेला की त्यातली एक सही आणखी दूर जाईल, हे त्याला कोणी समजावून सांगावयाची गरज नव्हती. आणि तरीही तो कागद त्याने उशाशी घेतला होता.

सोमवारी पहाटे थिवीला उतरलो. त्याचा जावई गाडी घेऊन आला होता. आम्हांस डिचोलीस सोडून ते पेडण्याकडे वळले. त्या आठवड्यात आम्ही दोन रात्री नीट झोपलो नाही. बुधवारी आपण होऊन फोन केला.

शुक्रवारी डिचोलीच्या बाजारातल्या एका नोटरीच्या खोलीत प्रतिज्ञापत्र तयार झाले. वहीतले नाव, शाळेतले नाव, दोन तारखा, "ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच." तरुण नोटरीने चष्म्यावरून पाहत विचारले, "किती वर्षांची ओळख?"

"चौसष्ट."

"दोन्ही नावांनी ओळखता ना?"

आम्ही भाच्याकडे पाहिले. खरे तर दोहोंपैकी कोणत्याही नावाने आम्ही त्याला कधी हाक मारलेली नव्हती. तसे सांगितले. नोटरी म्हणाला, "ते लिहू नका," आणि शिक्क्याची डबी आमच्याकडे सरकविली.